बकारामच्या लिव्हरातली बांधी

भंडारा जिल्ह्यातली निम्मी माणसं मी आतून ओळखतो. बाहेरून ओळखणारे पुष्कळ असतात. तलाठी ओळखतो, पोस्टमन ओळखतो, निवडणुकीच्या दिवसांत तर उमेदवारसुद्धा ओळखतात. माझं मात्र उलटं आहे. मोहाडीच्या बाजारात मी वांगी निवडत असतो, समोरून एखादे गृहस्थ "नमस्कार रामटेके भाऊ" म्हणत येतात. मला त्यांचं नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, पण डाव्या किडनीत वाटाण्याएवढा खडा आणि पित्ताच्या पिशवीला वरच्या अंगाला एक घडी, एवढं लख्ख आठवतं. मग मी विचारतो, "काय म्हणतो खडा?" गृहस्थ भाजीवालीसमोर लाजून चूर होतात आणि पुढच्या बाजारी मला पाहून वाट बदलतात.

भंडाऱ्याला सीटी स्कॅनच्या मशीनवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त होऊन शहापूरला घरी असतो. शहापूरच्या पानठेल्यावर माझ्याबद्दल असं बोललं जातं की रामटेकेच्या गोष्टीतला साप दर आठवड्याला हातभर वाढतो. खोटं कशाला सांगू, वाढतो. साप माझा, मी त्याला खाऊ घालतो, तो वाढणारच. पण या धंद्यानं माझी एक मोठी अडचण करून ठेवली आहे. फिल्मच्या कोपऱ्यात मशीन स्वतः वेळ छापतं. तास, मिनिट, सेकंद. ती वेळ काही केल्या मला ओढून लांबवता येत नाही. तेव्हा पुढं जे सांगतो आहे, त्यातली मिनिटं फिल्मवरची आहेत. फोडणी माझी.

आधी मशीन समजून घ्या. एक मोठं चाक उभं केलेलं असतं, त्याच्या पोटातून पेशंटचा टेबल आत-बाहेर सरकतो, आणि चाक माणसाच्या चकत्या पाडल्यासारखे फोटो काढतं. कोणी त्याला सुरंग म्हणतं, कोणी घाणी. आंबागडकडच्या एका आजीनं आत जाण्यापूर्वी चाकाला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्या दिवशी मशीन एकदाही बिघडलं नाही. लिव्हरची तपासणी असली की हाताच्या शिरेत सुई लावून औषध सोडतात. त्याला डाय म्हणतात. एका सरपंचानं उरलेला डाय मिशांसाठी मागितला होता, तो हा डाय नव्हे. हे औषध रक्तासोबत फिरतं आणि जिथं जिथं रक्त जातं तिथं तिथं फोटोत उजळ दिसतं.

लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. पेशंटनं ठरवलं आहे, पेशंटच्या सोयऱ्यांनी ठरवलं आहे, आणि कधी कधी घाईतल्या डॉक्टरांनीही. पण लिव्हरात निरुपद्रवी गाठीही खूप निघतात. काही तर गाठीसुद्धा नसतात. सोनोग्राफीत चरबीनं पांढऱ्या दिसणाऱ्या लिव्हरात चरबी न चढलेला एखादा तुकडा राहतो, आणि तोच गाठीसारखा काळा दिसून घरादाराची झोप उडवतो. सगळ्यात जास्त भेटणारी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं गुंतवळ होऊन झालेली गाठ. माणूस तिला घेऊन जन्मभर नांगरतो, रोवणं म्हणजे धानाची लावणी करतो, लेकीबाळींची लग्नं लावतो, आणि तिचा त्याला पत्ताही नसतो.

मग ओळखायची कशी? मी धानाच्या मुलखातला माणूस, मला ते बांधीवरून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावरून समजलं. कॅन्सरची गाठ साधारणपणे उतारावरच्या जमिनीसारखी वागते. पाणी सोडलं की आधी तिच्यावर धावतं, आणि सगळ्यात आधी तिच्यावरूनच वाहून जातं. ही गुंतवळाची गाठ म्हणजे खोलगट बांधी. पाणी सोडलं की धुऱ्याधुऱ्याला, म्हणजे बांधाच्या कडेकडेला, आधी डबकी होतात, मधलं रान कोरडंच. मग डबकी सरकत सरकत मध्याकडे येतात, आणि शेवटी बांधी काठोकाठ भरून उभी राहते. बाकीचं रान निथळून गेलं तरी ती भरलेलीच. पण बांधी भरायला वेळ लागतो. पहिल्या तीन फेऱ्यांचे फोटो तीन-चार मिनिटांत उरकतात. चौथी फेरी दहा मिनिटं थांबून घ्यायची असते. या धंद्यातली सगळी अक्कल त्या दहा मिनिटांत आहे. मशीन कोणीही चालवेल. थांबणं जमत नाही कोणाला.

मलाही जमलं नव्हतं.

हे मी पानठेल्यावर सांगत नाही. जुन्या मशीनच्या काळची गोष्ट. मोहाडीच्या गजभिये बाई, शाळेत शिकवायच्या. बाहेर बाकावर माणसं दाटीनं बसलेली, दोन जण भांडायला उठलेले, लाइट जायची वेळ झालेली. बाईंच्या तीन फेऱ्या घेतल्या आणि म्हटलं, झालं, उठा. चौथी घेतलीच नाही. गाठीची कड उजळलेली आणि मध्यभाग काळा, एवढंच फोटोत आलं. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी जे दिसलं ते लिहिलं, कॅन्सर नाकारता येत नाही. बाई मोठ्या शहरात गेल्या. तिथं खात्री करण्यासाठी गाठीत सुई घालून तुकडा काढला, आणि रक्ताची बांधी ती, फुटली. पोटात रक्त साचलं. बाई कशाबशा वाचल्या. गाठ साधीच निघाली. पुष्कळ दिवसांनी त्या मला भेटायला आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात पोराला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "रामटेके, तो शेवटचा फोटो काढायला किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "दहा मिनिटं, बाई."

"बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. त्या दिवसापासून माझ्या खोलीत बाहेर दंगल झाली असती तरी मी दहा मिनिटं थांबलो असतो. थांबायला मी तयार होतो, पण पेशंटच थांबला नाही तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते बकाराम लांजेवारांनी शिकवलं.

बकाराम म्हणजे आंबागडच्या किल्ल्याखालचं एक स्वतंत्र प्रकरण. साठीला टेकलेला गडी, आवाज असा की त्यांनी खोकलं की किल्ल्यावरची माकडं खाली उतरतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. आमच्याकडे ती जत्राच, आणि तिच्यात दिवसाढवळ्या दंडार रंगते. गाणं, नाच, सोंगं, टिंगल सगळं एकत्र. त्या दंडारीत घुंगरू बांधून पुढं उभा राहणारा माणूस म्हणजे बकाराम. त्यांच्या पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरात लिंबाएवढी गाठ दिसली. मोहफुलांच्या कृपेनं लिव्हर आधीच चरबीनं पांढरं, त्यात ही गाठ काळीभोर. रिपोर्ट आला, आणि घरच्यांनी ठरवलं की म्हाताऱ्याला काही सांगायचं नाही.

गावात सगळ्यांना माहीत, फक्त पेशंटला माहीत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पण बकारामांना लपवणार कोण? मला नंतर म्हणाले, "भाऊ, जे माह्या लेकाच्या लगनाले नाई आले, ते केळं घेऊन भेटाले येऊन राहिले. तवाच समजलं मले, बकाराम, तुह्यावालं आटपलं."

त्यांनी कोणाला विचारलं नाही, कोणावर चिडले नाहीत. फक्त एका दिवशी घुंगरू पेटीतून काढले आणि पुतण्याला देऊन टाकले. "औंदा मंडईत तू उभा राय," एवढंच म्हणाले. मुलगा गुलाब मला हे सांगताना रडला. म्हणाला, "काका, बाबानं मरन घेतलं तं चालन, पन घुंगरू देल्ले ना, ते पाहवत नाई."

शहरातल्या दवाखान्यानं गुरुवारची तारीख दिली होती, सुई घालून तुकडा काढायची. त्याआधी सीटी हवं, म्हणून मंगळवारी सकाळी ही मंडळी आमच्याकडे आली. गाडी व्याह्यांची, गुलाबच्या सासऱ्यांची, म्हणून व्याही आले. व्याही आले म्हणून विहीणबाई ताराबाई आल्या. ठसठशीत कुंकू, हातात केळ्यांचा घड, आणि जिभेला धार अशी की त्यांच्यासमोर व्याह्यांनी म्हणे कधी वाक्य पूर्ण केलेलं नाही. व्याही गाडीपाशी थांबले. ताराबाई सरळ स्कॅनच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "इवाईबुवाले कुठी घालता ते पाहू द्या मले," म्हणाल्या.

आता इथं माझी चूक झाली. ती चूक आमच्या मुलखाबाहेर कोणी करणार नाही.

डाय शिरेत गेला की अंगभर गरम लाट जाते. आणि ती लाट नेमकी कंबरेखाली जाऊन थांबते. माणसाला छातीठोकपणे वाटतं की आपण धोतरात केली. होत काही नाही, नुसतं वाटतं. पण वाटतं असं की शपथेवर सांगावं. म्हणून मी प्रत्येक पेशंटला आधी स्वच्छ शब्दांत बजावत असे, की असं असं वाटेल, तिथं तिथं वाटेल, घाबरायचं नाही. हजारो लोकांना सांगितलं. त्या दिवशी तोंड उघडलं आणि दारात विहीणबाई. व्याह्याच्या धोतराबद्दल विहिणीच्या देखत कसं बोलायचं? मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बकाराम भाऊ, जरा गरम वाटन. आणि हा सुईवाला हात बिलकुल वाकवायचा नाही."

"नाई वाकवत," बकाराम म्हणाले.

ताराबाईंना बाहेर बाकावर बसवलं, दार लावलं. डाय सोडला. पहिली फेरी झाली. दुसरी झाली, तिसरी झाली. शेजारच्या काचेच्या खोलीत आमच्या डॉक्टर देशकर मॅडम फोटो पाहत होत्या. मॅडम म्हणजे बोलण्याच्या बाबतीत बकारामांच्या बरोब्बर उलट. दिवसभरात बारा शब्द, त्यातले चार 'हं'. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. गाठीच्या कडेला उजळ ठिपके उठले होते, डबक्यांसारखे. मधे काळं.

"हे दोन्हीकडे जाऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "दुसरीकडून पसरत आलेल्या कॅन्सरचीही कड उजळते. लेट फोटो पाहिजेच. आणि किडनीचा आकडा वर आहे त्यांचा, परत डाय देता येणार नाही. जे काय आहे ते याच डायवर."

मी म्हटलं, "हौ मॅडम, पाचेक मिनिटं तर झालीच. आणखी पाच थांबायचं." आणि काचेतून टेबलाकडे पाहिलं.

टेबल रिकामा.

माझ्या काळजात त्या क्षणी जे झालं त्याचा सीटी कोणी काढला असता तर मशीन फुटलं असतं. बाहेरच्या दाराशी धावलो. ताराबाई बाकावर केळ्याचं साल सोलत बसलेल्या, म्हणजे इकडून कोणी गेलं नाही. मागचं दार उघडं. ते दार कपडे बदलायच्या खोलीत, तिथून बोळीत, आणि बोळीच्या टोकाला संडास. संडासाचं दार आतून बंद.

मी हळूच ठोकलं. "बकाराम भाऊ?"

मी आणखी एकदा ठोकलं.

"बकाराम भाऊ, बाहेर या. एक फोटो राहिला."

"नाई येत."

"काहून?"

"काहून ते तुमालेच माहीत, मलेच माहीत."

"मले काहीच माहीत नाही भाऊ!"

आवाज एकदम खाली आला. किल्ल्यावरची माकडं उतरवणारा आवाज, उंदरासारखा झाला. "ईनबाई कुठी हाय?"

"बाहेर. बाकावर."

"मंग मी इथंच बरा. धोतर वाळू द्या."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सहा मिनिटं झाली होती. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "भाऊ, धोतर ओलं लागून राहिलं का?"

"तेच तं पाहून राहिलो केव्हाचा," आतून आलं. "हाताले लागून नाई राहिलं. पन झालं तं हाय. मी का लहान हाव, मले समजत नाई?"

"काही नाही झालं! औषधाची गरमी हाय ते. साऱ्यायले तसंच वाटते."

"मले फसवता का गा? मरनारा मानूस म्हून?"

"आंबेडकर बाबाची आन घेऊन सांगतो. तहसीलदाराले वाटलं, ठाणेदाराले वाटलं."

आतली हालचाल थांबली. "ठानेदाराले बी?"

"त्यानं तं पँट सोडून दाखवली मले."

ठाणेदाराची ही गोष्ट त्या मिनिटापर्यंत अर्धीच होती. उरलेली मी तिथंच, संडासाच्या दाराशी उभ्यानं पूर्ण केली. अशा वेळी सत्याला जरा आधार द्यावा लागतो.

"मंग आधीच काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? ईनबाई दारात उभी होती ना गा!"

कडी निघायला बराच वेळ लागला. म्हणजे मला तसं वाटलं, फिल्मच्या हिशेबानं अर्धं मिनिट असेल. मग कडी वाजली. बकाराम बाहेर आले. उजव्या हातानं धोतर पुढून मुठीत धरलेलं, आणि डावा हात, सुई लावलेला, बाणासारखा ताठ समोर धरलेला. त्या हातानं त्यांनी कडी काढली नव्हती, दार ढकललं नव्हतं, काही काही केलं नव्हतं. मी वाकवू नका म्हटलं होतं, त्यांनी वाकवला नव्हता. एवढा आज्ञाधारक पळपुटा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

"चला," मी म्हटलं.

"कसा चलू? तिकडून गेलो तं कपडे बदलाच्या खोलीच्या खिडकीतून ईनबाईले दिसतो. अशा धोतरात? नाई जमत."

खिडकी खरंच होती. ताराबाई त्याच खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. आठ मिनिटं संपत आली. तेव्हा मी आयुष्यभर ज्या कलेचा सराव केला ती वापरली. बाहेर जाऊन म्हटलं, "ताराबाई, तुमच्या गाडीवर एक माकड चढून बसलं हाय, आणि तुमचे मालक त्याले गाडीतलं केळं देऊन राहिले."

"माहे केळं?" ताराबाई अशा उठल्या की बाक हलला. भंडाऱ्यात त्या बाजूला माकडं नाहीत. पण ताराबाईंच्या मनात नवऱ्याबद्दल जी खात्री होती तिच्यापुढं माकडाची काय बिशाद.

बकारामांना टेबलावर आडवं केलं. टेबल आत गेला. मी काचेमागे येऊन बटण दाबलं. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या होत्या, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर एकेक चकती उमटू लागली. वरचं लिव्हर आलं, गाठ अजून नाही. आणखी खाली. आणखी खाली.

आणि आली.

मघाशी जिथं काळं होतं तिथं काळं नव्हतं. डबकी एक झाली होती. बाकी सगळं लिव्हर निथळून फिकं पडलेलं, आणि त्याच्या मधोमध बकाराम लांजेवारांची बांधी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, काठोकाठ, पांढरीशुभ्र भरून उभी. रोवणं लावावं अशी. असं पाणी मी बोडीखालच्या, म्हणजे तळ्याखालच्या शेतातही पाहिलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "रामटेके, भरली."

त्या दोन शब्दांसाठी मी पुढची सगळी वर्षं नोकरी केली असती.

मग मॅडमनी स्वतः शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, सुई घालू नका, फोटो पाठवते, तुम्हीही पाहा. त्यांनी फोटो पाहिले आणि गुरुवारची तारीख रद्द केली. मधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं, बाकी काही नाही. पोटात दुखत होतं ते पित्तानं. गुलाबला सांगितलं तर तो भिंतीला टेकून खाली बसला. बकारामांना मी सांगितलं.

"म्हंजे मरत नाई मी?"

"मराल भाऊ, सारेच मरतात. याच्यानं नाही मरत."

बकारामांनी धोतर सोडलं, म्हणजे मुठीतलं. शेला खांद्यावर टाकला. म्हणाले, "मंग घुंगरू वापस मागा लागन. पोट्ट्यानं आतापर्यंत पायात बांधून बी पाहिले असन." आणि मग एकदम असे हसले की बाहेर पार्किंगमध्ये माकड शोधत असलेल्या ताराबाई धावत आत आल्या.

"काय झालं इवाईबुवा?"

"काई नाई ईनबाई. बांधी भरली."

इथं एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, कारण दिवाळी अंक घराघरात जातो. हे वाचून कोणी आपल्या गाठीला घरबसल्या बांधी म्हणू नये. माझं काम चांगले फोटो काढण्याचं. वाचतात ते डॉक्टर. आणि ज्यांच्यात पाणी थांबलं नाही अशीही रानं मी पाहिली आहेत. काचेमागे बसून ते आधी मला दिसायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला अजून माहीत नसायचं. त्यांना "झालं, उठा" म्हणताना आवाज सारखा ठेवायचा, ही या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट. ती कोणत्याही कोर्समध्ये नसते.

पण आता ते बाजूला ठेवू. आता मंडई.

आंबागडच्या त्या वर्षीच्या मंडईचं मला आमंत्रण होतं. आमंत्रण कसलं, गुलाब गाडी घेऊन दारातच आला. ऊन कलतं झालेलं, धानाचं रान पिवळं पडलेलं, आणि मैदानात पाय ठेवायला जागा नाही. पुतण्यानं घुंगरू परत दिले होते, पण एका अटीवर, की पुढच्या वर्षी दोघांनी मिळून उभं राहायचं. बकारामांनी पहिलं पाऊल टाकलं आणि मला वाटलं किल्ल्याचा आणखी एक बुरूज ढासळला. अर्धी दंडार झाल्यावर त्यांनी ढोलकी थांबवली, मला वर बोलावलं, आणि भोंग्यावरून, आख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात, मंगळवारची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मी कानात म्हटलं, "भाऊ, संडासाचं कोणाले सांगणार नाही, अशी आपली बोली झाली होती."

"तुमी सांगाचं नाई अशी बोली होती," ते म्हणाले. "माह्यी नाई."

आणि सांगितलं. सगळं. धोतर, कडी, ठाणेदार, माकड. माझ्या ठाणेदाराला त्यांनी पाच मिनिटांत फौजदारापासून एसपीपर्यंत बढती दिली. मी वाढवून सांगतो म्हणणाऱ्यांनी बकारामांना ऐकावं. लोक गडाबडा लोळत होते. पुढच्या रांगेत ताराबाई बसल्या होत्या, पदर तोंडाला. गोष्ट संपल्यावर त्या उठल्या आणि भोंग्याशिवायच सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "मले तं तवाच माहीत होतं इवाईबुवा! खिडकीतून पळताना पायलं मी तुमाले. डोळे मिटून केळं सोलत बसली मी, का बिचाऱ्याले लाज वाटाची नाई म्हून!"

त्या मंगळवारनंतर बकारामांचा आवाज पुन्हा एकदा उंदराचा झाला. मैदानाला पुन्हा सावरायला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही.

ती फिल्म त्यांनी लाकडी चौकटीत बसवून ओसरीवर लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला उजेडात धरून दाखवतात, "हे माहीवाली बांधी." मी निघताना ती नीट पाहिली. कोपऱ्यातली वेळ वाचली, तिच्यातून डाय सोडल्याची वेळ वजा केली, आणि ओसरीवरूनच गजभिये बाईंना फोन लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःहून कधी फोन केला नव्हता. सगळं सांगितलं, या वेळी माकडासकट. बाई ऐकून घेत होत्या, मधेच हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तोच वर्गातला आवाज.

"थांबलात ना, रामटेके? पूर्ण दहा मिनिटं?"

"नाही बाई," मी म्हटलं. "अकरा मिनिटं, चाळीस सेकंद."

"वाढवून सांगताय."

"नाही बाई. छापलंय."